माळवद पाडून पत्रे टाकले, आता दुपारी घरात बसवत नाही

प्रश्न (परभणी): माळवद (लाकडी तुळयांवरचं मातीचं सपाट छप्पर) गळायचं म्हणून पाडलं. आता दुपारी पत्र्याखाली डोकं भणाणतं, पंखा गरम वाराच फेकतो. रात्री मात्र पत्रा लवकर निवतो अन् शेजारच्या स्लॅबखाली मध्यरात्रीही भट्टी. हे उलटं कसं?

– उलटं नाही भाऊ. पत्रा पातळ, उष्णता साठवत नाही. तापला की अवरक्त लहरी (डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या लहरी) थेट डोक्यावर सोडतो. त्या पंख्याला थोड्याच अडतात! स्लॅब दिवसभर उष्णता पिते, रात्री ओकते.

– वरून चुन्याचे दोन हात मारा, फेविकॉल कालवून. खाली हातभर जागा सोडून बांबूच्या तट्ट्या बांधा. आमच्याकडे असंच केलं, आईची झोप परत आली.

प्रश्नकर्ता: मग परत माळवदच घालू का?

– जुन्या दगडमातीच्या भिंतींवर नको. १९९३ चा किल्लारीचा भूकंप आठवा, अशीच जड छपराची घरं माणसांवर कोसळली.