मदत हवी आहे: घोडीचा मधेच गळणारा ठोका

नमस्कार मंडळी. मी पशुवैद्यकीयच्या पहिल्या वर्षाला, घर नाशिकला. सुट्टीत पंचवटीतल्या एका काकांच्या घोडीला डाव्या कोपरामागे स्टेथोस्कोप लावला. मिनिटाला ३६ ठोके, पण तीन-चार ठोक्यांनंतर एक गायब! दुडक्या चालीने फिरवल्यावर मात्र लय एकदम नियमित.

विश्रांतीत व्हेगस नर्व्हचा (हृदयाची गती मंदावणाऱ्या नसेचा) जोर असतो, म्हणून एव्ही नोडपाशी (हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश जातो तिथे) आवेग, म्हणजे तो संदेश, अडतो, आणि तंदुरुस्त घोड्यात हे चालतं, इतकं समजलंय. अडलंय ते पुढे. ठोका गळतो तेव्हाही एट्रियम (हृदयाचा वरचा कप्पा) आकुंचन पावतंच, मग त्याचा एस-४ (चौथा हृदयध्वनी) आवाज एकटा ऐकू यायला हवा ना? तो बारीक आवाज कानाने पकडायचा कसा? व्यायामानंतरही ठोके गळत राहिले तर ईसीजी लगेच काढायचा का? घोड्यांवर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.