‘स्पेक्टॅकल’ला देखावा म्हटलं तर बिघडलं कुठे?

पाटीपेन्सिल : आमच्या फिल्म सोसायटीत विज्ञानपटांचा छोटासा महोत्सव आहे. त्याच्या पत्रकासाठी एका इंग्रजी टिपणाचं मराठी करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. टिपणाचा सगळा डोलारा एका जोडीवर उभा आहे. एकीकडे सायंटिफिक रिअॅलिझम, म्हणजे पडद्यावरचं विज्ञान खरं असणं, दुसरीकडे स्पेक्टॅकल, म्हणजे डोळे दिपवणारं भव्य दृश्य. मी लिहिलं, ‘वैज्ञानिक वास्तववाद विरुद्ध देखावा’. सोसायटीतल्या एका ज्येष्ठांनी ‘देखावा’वर लाल रेघ मारली. म्हणाले, "देखावा गणपतीत असतो, नाहीतर ढोंगी माणसाकडे. सिनेमात दृश्यवैभव असतं." मला ‘दृश्यवैभव’ हा पुरस्कार सोहळ्यातल्या निवेदिकेचा शब्द वाटतो. मशीनला विचारलं, तर त्याने ‘चष्मा’ सुचवला. काय करू? शनिवारी पत्रक छपाईला जातंय.

सांडगी मिरची : चष्माच ठेवा. थ्रीडी खेळ असेल तर खपून जाईल.

पेठेतला पाहुणा : ज्येष्ठांचं अर्धंच बरोबर आहे. चित्रकलेच्या तासाला काढायचो तो निसर्गदेखावा, मंडळाचा हलता देखावा आणि ‘काळजी असल्याचा देखावा’ हे तिन्ही आपण सुखाने वापरतो. पहिल्या दोघांत लबाडी कुठेच नाही. शब्द ‘देखणे’वरून आला, ‘देखणा’चा सख्खा भाऊ. प्रश्न एवढाच की टिपणवाला स्पेक्टॅकल म्हणताना नाक मुरडतोय की वाहवा करतोय?

पाटीपेन्सिल : दोन्ही. आधी नाक मुरडतो आणि इंटरस्टेलर या सिनेमातल्या कृष्णविवरापाशी आला की हरखून जातो.

अर्धवट भौतिकी : देखाव्याचं नंतर बघू. ताई, आधी ‘वैज्ञानिक वास्तववाद’ काढा. ते नाव तत्त्वज्ञानवाल्यांनी घेऊन ठेवलंय. इलेक्ट्रॉनसारख्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या ज्या वस्तू विज्ञान सांगतं त्या खरोखर आहेत, असं मानणारा तो वाद. माख नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाला अणू मान्य नव्हते, त्या भांडणातला. पडद्यावरच्या रॉकेटचा आवाज यावा की नाही, याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. मी ‘शास्त्रशुद्धता’ लिहिलं असतं.

पेठेतला पाहुणा : शास्त्रशुद्ध म्हटलं की मला पंचांग आठवतं. शास्त्रोक्त, शास्त्रशुद्ध, शास्त्रीय, या तिघांवर भटजी आणि गवई कधीचे बसलेत. ‘शास्त्रीय चित्रपट’ म्हणा, लोक पडद्यावर तंबोरा शोधतील.

सांडगी मिरची : यान पूर्वेकडे तोंड करून का सोडलं? शास्त्र असतं ते.

अर्धवट भौतिकी : विनोद बरा आहे, पण यानं पूर्वेकडेच सोडतात बहुतेक. पृथ्वीच्या फिरण्याचा वेग फुकट मिळतो. आता काय कराल?

रंकाळ्यावरून : आमच्याकडं पिक्चर सुटल्यावर एकच विचारत्यात, "पटला का?" वास्तववाद न् फिस्तववाद कोण विचारत नाही. मंगळावर बटाटे पिकवणारा पिक्चर माझ्या आईला पण पटला. ‘पटण्याजोगं’ लिहा की.

अर्धवट भौतिकी : पटणं आणि बरोबर असणं, यातच तर सगळी गोम आहे. द मार्शियन (२०१५) ज्या वादळाने सुरू होतो, तेच घ्या. मंगळाची हवा आपल्या हवेच्या साधारण साठाव्या हिश्श्याइतकी विरळ. तिथे फार जोराचा वारा म्हणजे ताशी १०० किलोमीटरच्या आसपास. वाऱ्याचा रेटा घनतेच्या पटीत आणि वेगाच्या वर्गाच्या पटीत. म्हणजे तो वारा अंगाला इथल्या ताशी १३ किलोमीटरच्या वाऱ्याएवढा लागणार. दोरीवरचे कपडे हलतील, यान कलंडणार नाही. मूळ कादंबरीच्या लेखकाला हे पक्कं ठाऊक होतं. नायक मागे राहायला हवा म्हणून त्याने ते जाणूनबुजून ठेवलं. तरी तो सिनेमा शास्त्रशुद्ध म्हणून मिरवतो, आणि माझ्या मते बरोबर मिरवतो. एक थाप सुरुवातीलाच मारून टाकली, पुढे हिशेब चोख.

उलट ग्रॅव्हिटी (२०१३). स्फोट होतात आणि आवाज नाही. धक्का हातमोज्यातून अंगात येतो तेवढाच ऐकू येतो. निर्वात पोकळीचं इतकं इमानदार ध्वनिमुद्रण फार थोड्या सिनेमांत आहे. सगळे म्हणाले, काय वास्तव! पण हबल या अवकाशातल्या दुर्बिणीची कक्षा विषुववृत्ताशी २८.५ अंशांनी कललेली, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाची ५१.६ अंशांनी. शिवाय उंचीत शे-दीडशे किलोमीटरचा फरक. नुसती कक्षेची पातळी बदलायला वेगात सेकंदाला किमान ३ किलोमीटरचा बदल करावा लागेल. पाठीवरच्या त्या उडत्या खोक्याने सिनेमातले दोघं अंतराळवीर शेजाऱ्याकडे विरजण मागायला जावं तसे हबलवरून स्थानकावर जातात. आता याला कुठल्या खणात टाकणार?

दूरदेशी : आणि त्यातले तरंगत जाणारे अश्रू! हॅडफील्ड या कॅनडाच्या अंतराळवीराने २०१३ मध्येच स्थानकातून व्हिडिओ करून दाखवलं होतं. तिथे अश्रू गळत नाहीत आणि उडूनही जात नाहीत. डोळ्यालाच पाण्याचा गोळा चिकटून बसतो, पुसावा लागतो. पण गोळा चिकटलेली नायिका कोण बघणार?

पेठेतला पाहुणा : भौतिकी, ‘निर्वात पोकळी’ लिहिलंत, राहवत नाही म्हणून बोलतो. निर्वात म्हणजे हवा नसलेली. पोकळी म्हणजे रिकामी जागा. हे ‘लेडीज बायका’ झालं.

अर्धवट भौतिकी : नाही झालं. बांबू पोकळ असतो, पण आत हवा असते. म्हणून निर्वात लागतं.

पेठेतला पाहुणा : मग नुसतं ‘निर्वात’ म्हणा, नाम करा त्याचं.

अर्धवट भौतिकी : ‘निर्वातात आवाज जात नाही.’ तीनदा म्हणून बघा, तोंडात बसतं का. मी शाळेत ‘निर्वात पोकळी’ शिकलो, माझ्या मुलीच्या पुस्तकातही तेच आहे.

पेठेतला पाहुणा : पाठ्यपुस्तकात आहे म्हणून शुद्ध ठरत असेल, तर बोलणंच खुंटलं.

सांडगी मिरची : पुढाऱ्याच्या निधनाने राजकारणात जी निर्माण होते ती पोकळी मात्र निर्वात नसते. तिथे लगेच वारे वाहू लागतात.

पाटीपेन्सिल : मंडळी, शनिवार.

जुना प्रेक्षक : आमचे आजोबा नाटक कंपन्यांचे वेडे. पडद्यावर क्षणात महालाचं अरण्य झालं की त्याला ते ‘ट्रान्सफर सीन’ म्हणत, आणि सिनेमातल्या असल्या करामतीला ‘ट्रिकसीन’. ‘त्या खेळात ट्रिकसीन फार’ ही त्यांच्या लेखी स्तुती होती. पुढे त्याच शब्दाला हिणकस वास कधी लागला कोण जाणे.

पण मला या जोडीचीच शंका आहे. दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटासाठी भांडवल उभं करायला १९१२ मध्ये काय दाखवलं होतं? वाटाण्याचं रोप. दाण्यातून अंकुर फुटून रोप कसं वाढतं ते थोडं थोडं करून टिपलं आणि पडद्यावर भरभर वाढवून दाखवलं. त्यात खोटं काहीही नव्हतं. नेहमीचंच वाढणं, फक्त काळ आवळलेला. बघणारे थक्क झाले आणि पैसा उभा राहिला. हे विज्ञान की देखावा? आणि हाच गृहस्थ ‘प्रोफेसर केळफा’ नाव घेऊन जादूचे प्रयोगही करायचा. फाळके उलटं वाचा. माझं मत ‘चमत्कृती’ला.

पेठेतला पाहुणा : वा काका. पण चमत्कृती काव्यशास्त्रातली, शब्दांचीही असते. पडदा भरून टाकणारा भव्यपणा तिच्यात येत नाही. त्यापेक्षा अद्भुत रस घ्या, स्थायीभाव विस्मय. ‘वास्तव विरुद्ध विस्मय’, अनुप्रासही साधतो.

अर्धवट भौतिकी : विस्मय प्रेक्षकाला होतो, स्पेक्टॅकल पडद्यावर असतं. भूक आणि भाकरी एक नव्हे.

मडगावकर : देखाव्याला फार हिणवू नका. १९२९ मध्ये फ्रिट्झ लांगने चंद्रावर जाण्याचा मूकपट केला. सल्लागार हेर्मान ओबर्थ, म्हणजे खरा रॉकेटवाला. त्यात उड्डाणाआधी आकडे उलटे मोजले जातात, प्रेक्षकांचा श्वास अडकावा म्हणून. सरळ मोजलं तर कुठे थांबणार ते कळत नाही, उलट मोजलं की शून्याची वाट बघता येते. खऱ्या रॉकेटवाल्यांनी पुढे तेच उचललं. श्रीहरिकोट्याहून आपण जे ऐकतो, तो मूळचा सिनेमावाल्याचा डाव.

दूरदेशी : काउंटडाउनला मराठीत उलटमोजणी म्हणायचं की उलटगणती? गणती हिंदी वाटते.

पेठेतला पाहुणा : शिरगणती काय लखनौहून आली?

दूरदेशी : एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा स्पेक्टॅकलच लिहा हो, देवनागरीत. इथे आमची मुलं रविवारच्या मराठी वर्गात ‘दूरचित्रवाणी’ शिकतात आणि पुण्याला गेल्यावर आजी म्हणते, टीव्ही बंद कर.

पेठेतला पाहुणा : ‘दिग्दर्शक’ सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसलेच असतील. आज कोण हसतं?

दूरदेशी : हसत नाहीत, पण शूटिंगला जाऊन बघा, ‘डायरेक्टर कुठेयत’ असंच विचारतात. दोन्ही जगले. पत्रक वाचणाऱ्याला जो शब्द अडणार नाही तो वापरावा, एवढंच म्हणणं.

पेठेतला पाहुणा : तसा ‘स्पेक्टॅकल’ही परका नाहीच. मुळात लॅटिन ‘बघणे’, आणि त्या धातूचं आपल्याकडचं भावंड म्हणजे ‘पश्य’. हेर या अर्थाचा संस्कृत ‘स्पश’ही त्याच घरातला. उलट ‘तमाशा’ घ्या, तो अरबीतल्या चालण्या-फिरण्याच्या धातूवरून फारसीमार्गे आला. फिरता फिरता बघणं. खरं तर स्पेक्टॅकलला तमाशाइतका चपखल शब्द नाही, पण आपण तो लावणीला आणि शिवीला देऊन बसलो.

रंकाळ्यावरून : तमाशा शिवी कुणाची? आमची नाही. तुमच्या पेठेची असंल.

पेठेतला पाहुणा : ‘भर रस्त्यात तमाशा करू नकोस’ कोल्हापुरात म्हणत नाहीत?

रंकाळ्यावरून : म्हणत्यात. पण फडावर जाऊन टाळ्या बी आम्हीच वाजवतो.

बरं, देखाव्यावरून आठवलं. चांद्रयान-३ उतरलं त्या वर्षी, २०२३ ला, गणपतीत जिकडंतिकडं चंद्रच. आमच्या गल्लीतल्या देखाव्यात लँडर दोरीवरून खाली यायचा, धूर सोडायचा, न् शेजारी तिरंगा फडकायचा. मागं टेबलफॅन लपवलेला. माझा पुतण्या आठवीतला, तो कार्यकर्त्यांशी भांडला, चंद्रावर हवा नाही तर झेंडा फडकतोय कसा? अध्यक्ष म्हणाले, "फॅन बंद केला तर झेंडा मान टाकून पडतोय, तसा दाखवू काय?" पोराकडं उत्तर नव्हतं.

अर्धवट भौतिकी : पुतण्याला सांगा, नासालाही हीच अडचण आली होती. १९६९ ला अपोलो ११ च्या झेंड्याला वरच्या कडेने आडवी दांडी घातली, नाहीतर हवेवाचून तो खाली लोंबला असता. म्हणजे खुद्द चंद्रावर, खऱ्या मोहिमेत, माणसाने पहिल्या झटक्यात देखावाच मांडला. तुमच्या अध्यक्षांनी दांडी घातली असती तर दोघंही जिंकले असते.

पाटीपेन्सिल : हे सुंदर आहे. पण टिपणवाल्याचं ते वाक्य अजून अडलंय. इंटरस्टेलरचं कृष्णविवर म्हणजे ‘रिअॅलिझमचंच स्पेक्टॅकल’, असं काहीतरी म्हणतो तो. ‘वास्तवाचा देखावा’ लिहिलं तर अर्थ बरोबर उलटा होतो!

पेठेतला पाहुणा : झालं. ज्येष्ठ जिंकले.

अर्धवट भौतिकी : थांबा, टिपणवाला पुरता बरोबर नाही. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञाची समीकरणं घेऊन, प्रकाशकिरण कसे वाकतात ते मोजून ते चित्र काढलं, हे खरं. त्या कामाचा शोधनिबंधही २०१५ मध्ये निघाला. पण आकडेमोड पूर्ण चालवली तेव्हा भोवतालच्या तप्त वायूची एक बाजू झगझगीत निळसर आणि दुसरी जवळजवळ काळी आली. जी बाजू आपल्याकडे येते ती उजळते, लांब जाणारी मंदावते. दिग्दर्शक नोलन म्हणाला, प्रेक्षक गोंधळेल, दोन्ही बाजू सारख्या ठेवा. लुमिने नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९७९ मध्ये हाताने ठिपके देऊन काढलेल्या चित्रात ती असमान बाजू आहे. १० एप्रिल २०१९ ला एम८७ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराचं खरं चित्र आलं, त्यातही कड्याची एक बाजू ठळक उजळ आहे. म्हणजे गणिताने दिलेलं जास्त अद्भुत होतं, आणि दिग्दर्शकाने ते सौम्य केलं. आपण समजतो, विज्ञान रुक्ष आणि सिनेमावाले त्यात मसाला घालतात. इथे उलटं झालं. म्हणून मला तो ‘विरुद्ध’च खटकतो. ‘देखावा’पेक्षा आधी ‘विरुद्ध’वर लाल रेघ मारा.

जुना प्रेक्षक : मान्य. ‘आणि’ लिहा.

पाटीपेन्सिल : मूळ लेखकाने विरुद्ध म्हटलंय काका, भाषांतरात त्याचं मत कसं बदलू?

दूरदेशी : भौतिकी, तो ‘तप्त वायू’ म्हणजे अॅक्रिशन डिस्क ना? तिला मराठीत काय? मी कुठेतरी ‘तबकडी’ वाचलं.

सांडगी मिरची : तबकडी उडती असते. नाहीतर ग्रामोफोनची.

पेठेतला पाहुणा : चकती.

सांडगी मिरची : भोपळ्याची?

मडगावकर : मधे मोकळं आहे ना? मग कंकण का नाही? २६ डिसेंबर २०१९ चं ग्रहण आपण कंकणाकृतीच म्हटलं.

अर्धवट भौतिकी : कल्पना वाईट नाही. ती डिस्क आत विवरापर्यंत भिडत नाही. जिथवर वायूला स्थिरपणे फिरता येतं तिथेच तिची आतली कड संपते. पण ती पसरट आणि रुंद असते, कंकण बारीक.

मडगावकर : आमच्याकडे कांकण म्हणजे बांगडी, रुंदही असते. पाटल्या बघा.

पेठेतला पाहुणा : पाटली वेगळी, बांगडी वेगळी, कंकण वेगळं. घरात विचारा.

दूरदेशी : आणि शनीच्या कड्यांना मग काय म्हणायचं? तीही पसरट, रुंद आणि मधे मोकळी.