हडपसरपासून जवळपास थंडीतले पक्षी, मुंगूस आणि खोकड: फोटो शार्प कसे मिळतील?

दिवेघाट

नमस्कार मंडळी. राहायला हडपसर. क्रॉप (छोट्या) सेन्सरचा डीएसएलआर, १५०-६०० मिमी लेन्स आणि एक जड ट्रायपॉड आहे. रविवारची सकाळ आणि कधीमधी एखादी संध्याकाळ एवढाच वेळ मिळतो, म्हणून नदीकाठचं कवडीपाट, सासवडकडचे माळ आणि आमच्या सोसायटीमागची आमराई एवढ्यातच काम भागवायचं आहे.

कवडीला चक्रवाक आणि शेकाट्यांचे फोटो ६०० ला कधी बरे येतात, कधी एकदम मऊ. सेटिंग तेच असतं: शटर १/१००० सेकंद, ॲपर्चर एफ ६.३, ऑटो आयएसओ (संवेदनशीलता कॅमेराच ठरवतो). साडेनऊनंतर तर एकही धड येत नाही. धोबी, तुतवार असले छोटे पक्षी जवळ जाईपर्यंत उडतात. १.४ चा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच १.४ पट करणारं जोडभिंग) घेतला तर फरक पडेल का? आणि माळावर खोकड (छोटा कोल्हा) दिसतं, पण गाडीचं दार उघडलं की गायब. त्याचं आणि मुंगसाचं काय करावं?

पाणथळ

टेलिकन्व्हर्टर आत्ता घेऊ नका. १.४ लावला की एफ ६.३ चा एफ ९ होतो. बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ ८ च्या पलीकडे नीट चालत नाही, शोधत राहतो. शिवाय तुमचा त्रास हवेचा असेल, तर ८४० मिमीला तो कमी न होता अधिक मोठा दिसेल.

आधी मऊपणा कशाचा आहे ते ओळखा. स्वस्थ बसलेल्या एखाद्या पक्ष्याच्या डोळ्यावर एकच फोकस पॉइंट ठेवून सलग १५-२० फ्रेम घ्या आणि घरी १०० टक्क्यांवर बघा. दर फ्रेममध्ये पक्ष्याच्या पुढचंच किंवा मागचंच गवत स्पष्ट असेल, तर फोकस पुढे-मागे पडतोय. बॉडीत एएफ फाइन ट्यून (ऑटोफोकसची बारीक जुळवणी) असेल तर तिथे दुरुस्त होतं. कडा एकाच दिशेला दुहेरी दिसत असतील, तर हात किंवा ट्रायपॉड हललाय. पण एक फ्रेम बरी, पुढची वाईट, तिसरीत डोकं ठीक आणि पोट विरघळलेलं, कडा नागमोडी, असं असेल तर तो हीट हेझ, म्हणजे गरम-गार हवेची थरथर. तुमचं 'साडेनऊनंतर एकही नाही' हे वाचून मला तोच वाटतो.

थंडीत हेझ कसा, असं पुष्कळांना वाटतं. ऊन किती कडक आहे यापेक्षा जमीन, पाणी आणि त्यांच्यालगतची हवा यांच्या तापमानात किती फरक आहे यावर तो ठरतो. पहाटे हवा १० अंशांवर असते आणि नदीचं पाणी तिच्यापेक्षा बरंच कोमट, म्हणून पाण्यावर वाफ आणि थरथर दोन्ही दिसतात. नंतर काठचे काळे खडक ऊन लागताच तापतात, पण हवा अजून गारच असते, की पुन्हा थरथर. धुकं विरल्यापासून खडक तापेपर्यंतचा वेळ आपला. डिसेंबर-जानेवारीत पुण्याला सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणजे साधारण साडेसात ते नऊ.

लेन्सच्या तोंडाशीसुद्धा हेझ तयार होतो. उबदार घरातून किंवा गाडीतून लेन्स काढून लगेच वापरली, तर पुढच्या लांब हूडमध्ये (लेन्सच्या तोंडावरच्या नळीत) गरम हवा अडकून राहते. पोचल्यावर हूड काढून लेन्स १५-२० मिनिटं बाहेर ठेवा. गाडीतून फोटो काढणार असाल तर हीटर बंद ठेवा आणि बॉनेटवरून नेम धरू नका. इंजिनची ऊब थेट लेन्ससमोरून वर जाते.

यावर खरा इलाज एकच: मधली हवा कमी करणं, म्हणजे अंतर कमी करणं. थोडा हिशोब बघा. क्रॉप सेन्सरची रुंदी साधारण २३.५ मिमी. ६०० मिमीला ३० मीटरवर फ्रेममध्ये सुमारे ११८ सेमी रुंदी मावते. चक्रवाक ६५ सेमीच्या आसपास, म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम भरते. ३० मीटर त्याला पुरेत. धोबी जेमतेम १८-१९ सेमीचा. १० मीटरवर ३९ सेमी मावतात, तिथे तो अर्ध्या फ्रेमपर्यंत येतो. ६ मीटरवर तीन-चतुर्थांश भरतो. त्यामुळे ४० मीटरवरच्या धोब्याचा फोटो काढूच नका, बघून घ्या आणि पुढच्या जागेची तयारी करा.

आता ६ मीटर मिळवायचे कसे? चालत जाऊन नाही. धोबी आणि तुतवार पाण्याच्या कडेकडेने चरत सरकतात आणि तोच पट्टा पुन्हा पुन्हा धरतात. दहा मिनिटं लांबून त्यांची दिशा बघा, त्यांच्या पुढे २०-२५ मीटरवर जाऊन काठाला बसा आणि हलू नका. चरत चरत ते स्वतःच तुमच्याकडे येतात. कॅमेरा आधीच डोळ्याला लावलेला असू द्या. हात वर उचलणं हीच हालचाल त्यांना सर्वांत जास्त खटकते. ट्रायपॉड गाडीतच ठेवा. लेन्स पाण्यापासून वीतभर उंचीवर आली की मागचं पाणी आणि पलीकडचा काठ पार धूसर होतो आणि पक्षी उठून दिसतो. मात्र कवडीचं पाणी शहराचं सांडपाणी घेऊन येतं, त्यामुळे जाड प्लास्टिक, गमबूट आणि घरी आल्यावर साबण, यात आळस नको.

पक्ष्यानं चरणं थांबवून मान ताणली, तुमच्याकडे पाठ करून दोन पावलं टाकली किंवा अंग आवळून शीट टाकली, तर तो उडायच्या बेतात आहे. तिथेच थांबा, नजर दुसरीकडे वळवा. ही थव्यानं दमून आलेली पाहुणी मंडळी आहेत, दर रविवारी दहा जणांनी उठवली तर त्यांनी चरायचं कधी?

जागेबद्दल: सोलापूर रस्त्यावरून आपण येतो तो नदीचा दक्षिण काठ. थंडीत सूर्य दिवसभर दक्षिणेच्या बाजूलाच राहतो, त्यामुळे उत्तरेकडे तोंड केलं की तो कायम आपल्या पाठीकडे. वाऱ्याचंही बघा. बदकं आणि शेकाटे वाऱ्याच्या तोंडावर उडतात आणि उतरतात. या दिवसांत सकाळचा वारा बहुधा पूर्वेकडून किंवा ईशान्येकडून असतो. म्हणून थव्याच्या पूर्वेला, ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी घेऊन बसलात, तर उतरणारा पक्षी तुमच्याकडे तोंड करून येतो. संध्याकाळी पश्चिमेचं ऊन पाठीशी घेतलं की वारा समोरून लागतो आणि शेपट्यांचेच फोटो मिळतात.

शेकाट्या

वरच्या प्रतिसादाशी सहमत, पण ऑटो आयएसओबद्दल कुणी बोललं नाही. कवडीला तो सोडा. शेकाट्याचं पोट पांढरं, पंख काळे, मागे कधी चकचकीत पाणी, कधी पांढरा फेस, कधी काळा खडक. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर दर फ्रेमला मत बदलतो आणि पांढरी पिसं जळतात, म्हणजे तपशील जाऊन नुसती पांढरी होतात. ऊन स्थिर असेल तर फुल मॅन्युअल: स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ ६.३, १/२५००. बगळा किंवा शेकाट्यासाठी १/३२०० ते १/४०००. पक्षी काळ्यावरून पांढऱ्यावर गेला तरी त्याच्यावरचं ऊन तेच असतं, मग एक्स्पोजर का बदलायचं? सूर्य नुकताच वर आलेला असतो तेव्हा एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा किंवा दुप्पट) कमी उजेड धरा, म्हणजे आयएसओ ८०० ते १६००. हायलाइट अलर्ट चालू ठेवा, आणि पांढरा भाग लुकलुकला की शटर एक-तृतीयांश स्टॉप वाढवत जा.

१/१००० बसलेल्या पक्ष्याला भरपूर आहे. धोब्याची शेपूट सतत हलते, तिला १/१६०० द्या. उडणाऱ्या बदकाला १/२५००, नदी सुरय सूर मारताना १/३२००.

पाणथळ

@शेकाट्या, उन्हात मान्य. पण ढग येत-जात असतील किंवा खंड्या सावलीतल्या फांदीवरून उन्हात झेपावणार असेल, तर मॅन्युअल शटर-ॲपर्चर आणि ऑटो आयएसओ हेच बरं. पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे ०.७ स्टॉप, चमकत्या पाण्यासमोरच्या काळ्याला अधिक १.

माळकरी

खोकडाचं सांगतो. दार उघडूच नका, हा अर्धा उपाय. माळावरच्या प्राण्यांना रस्त्यानं जाणाऱ्या गाडीची सवय असते; त्यातून दोन पायांवर उतरणारं माणूस त्यांना चालत नाही. गाडी मळलेल्या वाटेवरच ठेवा, इंजिन बंद, काच अर्धी खाली, काचेवर लेन्स टेकवायला बीन बॅग. बीन बॅग घरीच होते: जुन्या जीन्सचा पाय गुडघ्यापर्यंत कापा, एक तोंड दुहेरी शिवा, दीड-दोन किलो मका किंवा राजमा भरा, दुसरं तोंड शिवा. दोन-तृतीयांशच भरा; गच्च भरली तर लेन्स तिच्यात रुतून बसत नाही, घरंगळते. तांदूळही चालतो, पण दवात भिजला की गोळा होतो. इंजिन चालू ठेवून काढलेला फोटो बीन बॅगवरसुद्धा हलतो.

खोकड शोधायचं असेल तर बोरी बघा. डिसेंबर ते फेब्रुवारी बोरं पिकतात आणि खोकड ती आवडीनं खातं. वाटेवरच्या दगडावर बोराच्या आठळ्या असलेली विष्ठा दिसली, की त्या वाटेवर त्याचं येणं-जाणं आहे असं समजा. सकाळी ऊन पडल्यावर तासभर, नाहीतर संध्याकाळी पाच ते अंधारापर्यंत, बोरीपासून ४० मीटरवर गाडी लावून बसा. वारा बोरीकडून तुमच्याकडे येईल अशी बाजू घ्या. ४० मीटरवर फ्रेम साधारण दीड मीटरची होते. खोकड आणि त्याचा माळ दोन्ही मावतात, आणि मला तसाच फोटो जास्त आवडतो. १/८००, आयएसओ ३२०० पर्यंत बिनधास्त जा. फोकस सुकलेल्या कुसळी गवतावर अडकतो, म्हणून ग्रुप एरिया (एकत्र चालणारे अनेक पॉइंट) बंद करून एकच छोटा पॉइंट. कॅमेऱ्यात क्वाएट शटर असेल तर लावा, खोकडाचे कान फार तिखट.

बिळाजवळ मात्र अजिबात नको. खोकडाचं जोडी जमणं थंडीतलं, पिल्लं साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. लांडग्याची पिल्लं तर ऐन डिसेंबर-जानेवारीतच बिळात असतात. माणूस बिळाशी घुटमळला की मादी पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि तुमच्या मागोमाग भटकी कुत्री तिथे पोचतात. कोंबडीचे तुकडे टाकून बोलावणं तर मुळीच नको. त्यानंही कुत्री येतात, त्यांच्याकडून डिस्टेंपर आणि रेबीज खोकडांत शिरतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येत आमिष दाखवणंही येतं, हे लक्षात असू द्या. रात्री टॉर्च मारून फोटो हाही प्रकार नको.

माळाच्या कडेला रब्बीची ज्वारी किंवा हरभरा असेल तर मालकाला विचारल्याशिवाय बांध ओलांडू नका. आणि खोकड नाही दिसलं तरी विजेच्या तारांवर खरुची (छोटा शिकारी पक्षी) बघा. ती वाऱ्याच्या तोंडावर एका जागी फडफडत स्थिर राहते. वारा पाठीशी घेतलात तर चेहरा समोर मिळतो. चिंकारा हवा असेल तर सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य, पण ते तुमच्या टापूबाहेर जातं.

दिवेघाट

फार मोलाची माहिती, धन्यवाद. फ्रेम तपासल्या: कडा नागमोडीच आहेत, म्हणजे हेझ. आमराईबद्दल कुणी सांगेल का? तिथे मुंगूस रोज दिसतं, पण झुडपातून झुडपात.

आमराई

मुंगूस त्याच त्याच वाटेनं जातं. कुंपणाखालचं भगदाड, गटाराचा पाइप, पालापाचोळ्यातली घासून गुळगुळीत झालेली पट्टी शोधा. दोन झुडपांमधली उन्हातली मोकळी जागा निवडा, तिच्यापासून ८-१० मीटरवर जमिनीवर बसा आणि त्या मोकळ्या जागेवर आधीच फोकस करून ठेवा. १/१२५०, कारण त्याची पावलं दिसतात त्यापेक्षा भरभर पडतात. पहिल्या शटरच्या आवाजाला ते बऱ्याचदा थबकतं, कधी मागच्या पायांवर उभं राहून बघतं, तोच फोटो. तेव्हा क्वाएट शटर इथे नको!

जुन्या आंब्यांच्या ढोल्या बघा. थंडीत पिंगळे सकाळी ढोलीच्या तोंडाशी ऊन खात डोळे मिटून बसतात. १५ मीटरवरून, झाडाच्या खोडाआडून, पाच मिनिटांत काम उरका आणि निघा. फ्लॅश नको, मोबाइलवर आवाज वाजवणं नको.

पाण्याची थाळी ठेवणार असाल तर खोली ४-५ सेमी, तळ खडबडीत, मध्ये एक दगड, आणि पाणी रोज बदला. थाळीशेजारी अर्ध्या मीटरवर एक वाळकी फांदी खोचा, पक्षी आधी तिच्यावर बसतो. फांदीमागे किमान ४-५ मीटर मोकळं असू द्या, म्हणजे पार्श्वभूमी स्वच्छ येते. कृष्ण थिरथिरा आणि लाल छातीचा माशीमार हे थंडीचे पाहुणे असल्या जागी येतात. इमारतीच्या उत्तरेला ठेवत असाल तर सावली मोजा: डिसेंबरात भर दुपारीही पुण्यात सूर्य ४८ अंशांपर्यंतच चढतो, म्हणजे १० मीटर उंच इमारतीची सावली ९ मीटरपर्यंत पडते. थाळी त्यापलीकडे हवी.

जानेवारीअखेर काटेसावर फुलायला लागली की थाळी विसरा. बिनपानाच्या फांद्यांवर भोरड्यांचे थवे, मैना, खारी, सगळे उन्हात मोकळे दिसतात. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून फुलांच्या उंचीला येता येतं. खालून काढलात तर मागे पांढरं आकाश येतं आणि पक्षी काळा पडतो.

दिवेघाट

सोसायटीच्या मागच्या गेटजवळ काटेसावर आहे, जिन्याच्या खिडकीसमोरच, अंतर १२-१३ मीटर. खिडकी पूर्वेला.

आमराई

मग सकाळी ऊन तुमच्या डोळ्यांवर येईल. दुपारी तीननंतर जा, तेव्हा सूर्य इमारतीच्या मागून येतो. झाडावर सावली कितीला चढते ते आदल्या दिवशी बघून ठेवा. आणि काचेतून काढू नका, तावदान उघडा.