युवा मंडळात शिकलेली शेती: तुमचे अनुभव सांगा

तापीकाठ: पुतण्या काल मातीचा नमुना तपासायला निघाला, तोही युरियाच्या रिकाम्या गोणीत! खतानं नमुना बिघडतो म्हणून थांबवलं त्याला, आणि आमचं युवा मंडळ आठवलं. यावल तालुक्यातलं गाव, मंडळ नेहरू युवा केंद्राशी जोडलेलं. पालच्या कृषी विज्ञान केंद्रात नेलं होतं आम्हाला. तिथं नमुना घ्यायला शिकवलं: झाडाखालची माती नको, बांधाजवळची नको, उकिरड्याची तर नकोच. 'व्ही' आकाराचा वीतभर खड्डा, त्याची कड वरपासून खालपर्यंत सारखी तासायची. आठ-दहा जागची माती घमेल्यात कालवून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, असं अर्धा किलो उरेपर्यंत. हात मातीत घातल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही. तुम्ही काय शिकलात? लिहा.

केळीवाला_रावेर: केळीवर हरण्या रोग आला होता त्या साली. मोठी माणसं झाड उपटू देईनात. मंडळाच्या पोरांनी बागा वाटून घेतल्या, ओळ न् ओळ फिरून पिवळ्या पट्ट्यांची झाडं काढून गाडली. बागेत काकडी-मिरची लावू नका, त्यावरची मावा कीड हा रोग पसरवते, हे घरोघर सांगितलं. शिव्या खाल्ल्या. पुढच्या वर्षी तीच मंडळी विचारायला आली.

साक्रीची_लेक: आमचं मुलींचं मंडळ. बारीपाडा पाहायला गेलो होतो, गावानं राखलेलं जंगल आणि वनभाज्यांची स्पर्धा. त्या जंगलासाठी पुढाकार घेणाऱ्या चैत्राम पवारांना 2025 मध्ये पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्या ग्रुपवर नुसता जल्लोष. तिथून आल्यावर 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी बंधाऱ्याचा विषय मांडला. हातातला कागद थरथरत होता, आजोबा पुढच्याच रांगेत. घरी काही बोलले नाहीत. जेवताना आईला म्हणाले, "पोरले तूप वाढ."

केळीवाला_रावेर: ताई, डोळ्यात पाणी आणलंत.

पऱ्हाटी: शिबिर म्हटलं की मला तुराट्यांवर भाजलेली वांगीच आठवतात 😄 भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.

भुसावळकर: वांगी बामणोदची असतील तर बोलूच नका.

तापीकाठ: अहो, विषय मंडळाचा आहे!

पऱ्हाटी: भरिताशिवाय खान्देशात शिबिर झालंय का भो कधी? बरं, विषयावर. उगवण तपासणी तिथंच शिकलो. ओल्या गोणपाटात सोयाबीनचे 100 दाणे गुंडाळायचे, सातव्या-आठव्या दिवशी कोंब मोजायचे. 70 च्या खाली आले की बियाणं बदलायचं. एकदा एका दुकानातलं बियाणं असंच नापास निघालं, पेरणी वाचली. अजून दरसाल करतो.

चोपडा_एक्स्प्रेस: आमचं मंडळ बंद पडलं हो. पोरं पुण्याला, सुरतला. नव्यानं काढायचं तर काय लागतं?

साक्रीची_लेक: दादा, संस्था म्हणून नोंदवायचं तर किमान 7 सभासद, अर्ज धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. पण नोंदणीची घाई करू नका. आधी इतिवृत्ताचं रजिस्टर घाला आणि सचिव दरवर्षी बदला. आमच्याकडे बोलायला लाजणाऱ्या मुली त्यामुळेच तयार झाल्या.

चोपडा_एक्स्प्रेस: दिवाळीत पोरं गावी येतील तेव्हा धरतो. रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकता का?

साक्रीची_लेक: संध्याकाळी टाकते, आता कापूस वेचायला निघालेय.