मेक्सिको २०३०: मोरेनाचा उमेदवार कोण? मदत हवी आहे

आमच्या वाचनगटात मेक्सिकोच्या २०३० च्या अध्यक्षीय निवडणुकीवर मला बोलायचं आहे. तिथे अध्यक्षाला आयुष्यात एकच सहा वर्षांची मुदत मिळते, त्यामुळे क्लॉडिया शाइनबाम पुन्हा उभ्या राहू शकत नाहीत. मतदानाची फेरीही एकच, ज्याला जास्त मतं तो जिंकला. म्हणून खरी चुरस सत्ताधारी मोरेना पक्षाच्या आतच होईल, असं माझं मत आहे.

मी काढलेली नावं: ओमार गार्सिया हार्फूच (सुरक्षामंत्री), मार्सेलो एब्रार्द (अर्थव्यवहार मंत्री) आणि राजधानी मेक्सिको सिटीच्या सरकारप्रमुख क्लारा ब्रुगादा. विरोधकांकडून मला फक्त लुईस दोनाल्दो कोलोसियो रियोहास दिसतात. १९९४ मध्ये तिहुआनात प्रचारादरम्यान ज्यांची हत्या झाली, त्या उमेदवाराचे ते पुत्र.

अडलंय ते हार्फूचपाशी. २०२३ मध्ये राजधानीच्या सरकारप्रमुखपदाच्या उमेदवारीसाठी पक्षाच्या जनमत चाचणीत ते पुढे होते, तरी स्त्री-पुरुष समानतेच्या नियमामुळे उमेदवारी ब्रुगादांना मिळाली. त्याच वर्षी अध्यक्षपदाच्या चाचणीत एब्रार्द दुसरे आले आणि त्यांनी प्रक्रियेवरच आक्षेप घेतला होता.

इंग्रजी बातम्या आणि विकिपीडिया वाचून झालं आहे. स्पॅनिश मला जेमतेम येतं, तेव्हा सोपा लेख असेल तरच सुचवा. कोण जिंकेल याचे अंदाज नकोत.

मेक्सिकोत राहिलेल्या किंवा तिथलं राजकारण नियमित वाचणाऱ्यांनी एवढंच सांगावं: समानतेचा तो नियम अध्यक्षपदाच्या उमेदवारीलाही लागू होतो का, आणि चाचणीत कोणाची नावं घ्यायची हे मोरेनात नेमकं कोण ठरवतं?