चार डोस झाले, तरी पेनात औषध उरलंय. पाचवा घ्यावा का?

काठावरचा

वजन कमी करण्याची इंजेक्शनं घेणाऱ्यांना, आणि ज्यांच्या घरात कुणी घेतंय त्यांनाही, हा प्रश्न आहे.

बायको टिर्झेपटाइड या औषधाचं पेन, म्हणजे पेनासारखं इंजेक्शन, वापरते. आठवड्याला एक टोचणी, एका पेनात चार डोस. परवा चौथा झाला आणि पेन टाकायचं काम माझ्याकडे आलं. सहज खिडकीशी धरून पाहिलं तर आत औषध! करडा दट्ट्या पुढे येऊन थांबलेला, आणि त्याच्यापुढे थेंबभर नाही, चांगलं पेरभर पाणी हलतंय. बटण फिरवून बघितलं, पण पूर्ण डोसचा आकडा काही येईना.

मग कळलं की हे सगळ्यांच्याच पेनात उरतं, आणि त्याला 'गोल्डन डोस' असं नावही पडलंय. लोक इन्सुलिनची सिरिंज पेनाच्या रबरी तोंडात खुपसून ते ओढून घेतात आणि पाचव्या आठवड्याला टोचतात.

माझं मत आधीच सांगतो: घेऊ नये. माहितीपत्रकात स्वच्छ लिहिलंय की चार डोसांनंतर पेन आतल्या औषधासकट टाकून द्या. पण बायकोने एक हिशोब मांडला आणि मी गप्प बसलो. पहिला डोस पहिल्या दिवशी. मग आठवा, पंधरावा, बाविसावा दिवस. पाचवा आला असता एकोणतिसाव्या दिवशी. उघडलेलं पेन तर ३० दिवस चालतं. "मग मुदत कुठे संपली?"

याचं उत्तर कुणाकडे आहे का? 'डॉक्टरांना विचारा' सोडून सांगा, ते विचारणारच आहोत.

हिशोबी

वहिनींना साष्टांग नमस्कार. धाग्यात तुमच्यापेक्षा त्यांचाच मुद्दा भारी आहे.

औषध तेच, पेन तेच, माणूस तोच, मुदतही शाबूत. चौथ्या डोसाच्या दिवशी जे औषध चालत होतं ते पुढच्या आठवड्यात विष कसं होईल? माझे वडील वीस वर्षं इन्सुलिनचं पेन वापरतायत, शेवटच्या थेंबापर्यंत. त्यांना कुणी 'टाकून द्या' म्हणालं नाही. इथे मात्र बटण अडवून ठेवायचं आणि वर आरोग्याचं नाव घ्यायचं. अडवलंय ते पुढचं पेन खपावं म्हणून, दुसरं काय.

मी स्वतः तीनदा ओढून घेतलाय. ठणठणीत आहे.

सुईदोरा

मी परिचारिका आहे, लोकांना ही पेनं वापरायला शिकवणं हे रोजचं काम. जरा लांबण लावते.

आधी हे, की वहिनी मुदतीबद्दल बरोबर आहेत. पाचवा डोस ३० दिवसांत बसतो. 'शिळं झालं म्हणून घेऊ नका' असं कुणी सांगत असेल तर ते चुकीचं कारण देतायत. (मात्र चारही डोस ठरल्या दिवशी झाले असतील तरच. एक जरी तीन दिवस पुढे गेला आणि वारच पुढे सरकला की हिशोब कोसळला.) अडचण वेगळीच आहे.

औषध उरतं का? या पेनात दर टोचणीआधी प्राइमिंग करायचं असतं. नवी सुई लावायची, बटण दोनदा 'टिक' वाजेपर्यंत फिरवायचं, पेन उभं धरून दाबायचं, टोकाशी थेंब दिसला की झालं. सुईतली आणि नळीतली हवा निघून जावी म्हणून. थेंब दिसला नाही तर पुन्हा. यात औषध वाया जाणार हे गृहीत धरून कारखान्यातच जास्तीचं भरतात, म्हणजे कुणाचं प्राइमिंग दोनदा करावं लागलं तरी चौथा डोस तोकडा पडू नये.

आता गंमत बघा. जी व्यक्ती प्राइमिंग नीट करते तिच्या पेनात कमी उरतं. जी कंटाळा करते, किंवा 'थेंब वाया जातोय' म्हणून मुद्दाम टाळते, तिच्याकडे जास्त उरतं, पण तिचे आधीचे डोस हवेमुळे कमी गेलेले असू शकतात. म्हणजे उरलेलं औषध हा डोस नाहीच, ती बेरजेतली बाकी आहे. प्रत्येक पेनात वेगळी.

दुसरं मापाचं. पेनाच्या आत आटे असलेला दांडा असतो, तो मोजून तेवढंच पुढे सरकतो. सिरिंज खुपसली की ते यंत्र बाद, माप तुमच्या डोळ्यावर. त्यातून बंद नळीतून ओढताना बुडबुडे येतात. बारीक सिरिंजमध्ये बुडबुडा बसला की रेघ दाखवते एक आणि औषध असतं त्याहून कमी.

हिशोबी

ताई, मान्य, माहिती चांगली दिली. पण ०.६ मिलिलिटर म्हणजे १०० युनिटच्या सिरिंजवर ६० युनिट. बुडबुडा टिचकी मारून घालवता येतो. यात कसली अवकाशविद्या? आणि कमीच गेलं तर बिघडलं काय? पुढच्या आठवड्यात नवं पेन आहेच.

सुईदोरा

६० युनिट बरोबर. आता सांगा, ६० युनिट म्हणजे किती मिलिग्रॅम?

येत नाही सांगता, कारण सांगता येतच नाही. या चार डोसांच्या पेनात २.५ मिलिग्रॅमचा डोस ०.६ मिलिलिटर आणि १५ मिलिग्रॅमचाही ०.६ मिलिलिटरच. पाणी तेवढंच, औषध सहापट. सिरिंजवरच्या रेघा इन्सुलिनच्या युनिटच्या आहेत, त्या टिर्झेपटाइडबद्दल अवाक्षर सांगत नाहीत. पेनावरचं लेबल तेवढं सांगतं, आणि सिरिंज भरली की लेबल मागे राहतं.

जुलै २०२४ मध्ये एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, सेमाग्लुटाइड या अशाच दुसऱ्या औषधाबद्दल इशारा दिला होता. ते प्रकरण पेनाचं नव्हतं, कुपीतून सिरिंजने ओढून घेण्याचं होतं. काही लोकांनी ठरलेल्या डोसाच्या ५ ते २० पट घेतलं होतं. कारण काय, तर युनिट, मिलिलिटर आणि मिलिग्रॅम यांची सरमिसळ. त्यात काही डॉक्टरांकडूनही हिशोब चुकला होता. तुम्ही हुशार असाल, मी नाकारत नाही. पण हा घोळ शिकल्या-सवरल्या लोकांनीच घातलाय.

घसरगुंडी

मी लिहिणार नव्हते, पण 'मला तर काही झालं नाही' वाचून राहवलं नाही.

माझा भाऊ ७.५ मिलिग्रॅमवर होता. मळमळ फारच होत होती म्हणून डॉक्टरांनी ५ वर आणलं. जुनं ७.५ चं पेन त्याने फ्रिजच्या दारातच ठेवलं होतं, 'असू दे, उरलंय त्यात' म्हणून. नवं पेन यायला उशीर झाला. तर या पठ्ठ्याने गुरुवारी जुन्यातून मिळेल तेवढं ओढलं आणि टोचलं. शनिवारी नवं पेन आलं. शनिवार हा त्याचा ठरलेला वार. घेतला ५ चा डोस.

रविवारी दुपारपासून ओकाऱ्या. पाण्याचा घोटही टिकेना. मंगळवारी सलाईन लावलं तेव्हा लघवी जवळजवळ बंद झाली होती आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वर गेलेलं. तिथल्या डॉक्टरांनी आधी विचारलं, शेवटची टोचणी कधी? तो म्हणाला शनिवारी. गुरुवारचं सांगितलंच नाही, लाज वाटली म्हणून. ते मी सांगितलं, तेही बुधवारी.

यावर उतारा नसतो. अर्धं औषध शरीरातून जायला साधारण पाच दिवस लागतात. सेमाग्लुटाइडचं तर आठवडाभर. तोवर सलाईन, उलटी थांबवायची औषधं आणि वाट बघणं. तो पलंगावर कुशीवर पडून भिंतीकडे बघत होता, ते तोंड मी विसरणार नाही.

हिशोबी

वाईट झालं, भाऊ आता बरे असावेत. पण खरं सांगू का, यात दोष उरलेल्या औषधाचा कमी आणि दोन दिवसांत दोन डोस घेण्याचा जास्त आहे. शिवाय ते पेन जुनं, मुदत गेलेलं, डोसही वेगळा. मी म्हणतोय ते त्याच पेनातलं, त्याच ताकदीचं, पुढच्या आठवड्याच्या दिवशी.

घसरगुंडी

बरा आहे. दोन डोसांत निदान ७२ तास हवेत हे त्यालाही आता पाठ झालंय. पण तो काही 'दोन डोस घेऊ' असं ठरवून बसला नव्हता. उरलेलं औषध त्याच्या लेखी डोस नव्हताच, वरची कमाई होती. म्हणून तो मोजला नाही, लिहिला नाही, डॉक्टरांना सांगितला नाही. तुम्ही घेतलेले तीन तुमच्या डॉक्टरांना माहीत आहेत का?

हिशोबी

नाहीत.

चष्मिस

जंतुसंसर्गाबद्दल कुणीच बोललं नाही. पेनातल्या औषधात प्रिझर्व्हेटिव्ह असतं ना? मग भीती कशाला?

सुईदोरा

असतं. टिर्झेपटाइडच्या चार डोसांच्या पेनात बेंझिल अल्कोहोल आणि फिनॉल असतं, म्हणूनच ते महिनाभर चालतं. एकदाच वापरायच्या पेनात ते नसतं, त्यातलं 'उरलेलं' तर अजिबातच नको. पण प्रिझर्व्हेटिव्ह जंतूंना वाढू देत नाही, एवढंच त्याचं काम. बाहेरून नेलेली घाण ते धुऊन काढत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर पेन उलटं धरून, मोबाइलवर व्हिडिओ बघत, रबर न पुसता सिरिंज खुपसणारे मी पाहिलेत. कातडीखाली गळू झालं की चिरून पू काढावा लागतो.

इन्सुलिनचं हिशोबींनी म्हटलं ते राहिलं होतं. त्यांचे वडील शेवटच्या थेंबापर्यंत वापरतात, हे खरं आणि योग्यही. पण ते पेनानेच घेतात. उरलं असेल तेवढेच युनिट बटणावर येतात, बाकीचे नव्या पेनातून घ्यायचे असं पत्रकातच लिहिलेलं असतं. सिरिंज खुपसून ओढू नका हे इन्सुलिनच्या पेनालाही लागू आहेच.

ताईगिरी

बाप रे. मी तर उरलेलं बहिणीला देते. दोघी एकाच डोसावर आहोत, सुई नवी लावतो.

सुईदोरा

ताई, हे आजपासून बंद. बाकीच्यावर वाद घाला, यावर नको.

टोचताना रक्ताचा किंवा पेशींचा सूक्ष्म अंश सुईतून मागे पेनाच्या नळीत जाऊ शकतो. डोळ्याला दिसत नाही. सुई बदलली तरी नळी तीच. एफडीएने २००९ मध्ये इन्सुलिनच्या पेनांबाबत हाच इशारा दिला होता, कारण रुग्णालयांमध्ये सुई बदलून एकच पेन अनेकांना वापरल्याचं उघड झालं. मग हजारो लोकांना हिपॅटायटिस आणि एचआयव्हीच्या तपासण्या कराव्या लागल्या. सख्खी बहीण असली तरी नळीला नातं कळत नाही. तुम्ही दोघीही रक्त तपासून घ्या, घाबरून नव्हे, एकदाची शंका फिटावी म्हणून.

आडमुठा

सगळं वाचलं. सगळं बरोबर. तरी एक बोलतो.

लोक हौसेने सिरिंज खुपसत नाहीत. औषध महाग आहे, सोडलं की भूक परत येते, वजन परत येतं. ज्याला पुढचं पेन परवडत नाही त्याला तुम्ही एफडीए सांगता. भुकेल्याला पथ्य सांगण्यातला प्रकार. आणि कंपनीवर बोट ठेवणारे हिशोबी तेवढ्यापुरते बरोबरच आहेत. 'जास्तीचं का भरलंय' हे ठळक अक्षरांत पेनाच्या खोक्यावर लिहायला काय जातं? माणसाला काचेतून औषध दाखवायचं आणि म्हणायचं बघू नको!

सुईदोरा

खोक्यावर लिहावं, शंभर टक्के.

परवडत नाही त्याचं म्हणाल तर तेच डॉक्टरांना तोंडावर सांगावं. लोक मळमळ सांगतात, बद्धकोष्ठ सांगतात, पैशाचं सांगत नाहीत. सांगितलं तर कमी डोसावर थांबता येतं का, दुसरं औषध चालेल का, थांबवायचंच असेल तर कसं, यावर बोलता येतं. आणि पेन यायला उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नका. टिर्झेपटाइडचा चुकलेला डोस चार दिवसांच्या आत घेता येतो. त्याहून उशीर झाला तर तो सोडून पुढच्या ठरल्या वारी घ्यायचा. एक आठवडा हुकल्याने आभाळ कोसळत नाही. बरेच आठवडे हुकले तर मात्र जुन्याच डोसावर थेट उडी मारायची नाही, आतडी सवय विसरलेली असतात. तेव्हा पुन्हा खालून सुरू करावं लागू शकतं.

हिशोबी

मी मत बदललं असं म्हणणार नाही. कंपनीबद्दलचं तर मुळीच नाही. पण ते तीन डोस उद्या डॉक्टरांना सांगतो. बोलणी खाईन.

काठावरचा

बायकोला सगळा धागा वाचून दाखवला. भावाचा किस्सा ऐकताना तिने मोबाइल खाली ठेवला. शेवटी म्हणाली, "पण मुदतीचं माझं बरोबर होतं ना?" होतं.

मग तिनेच एक कबूल केलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी तिने प्राइमिंग केलंच नव्हतं, थेंब वाया जातो म्हणून. पेरभर का उरलं ते कळलं. पेन सुयांच्या जाड डब्यात टाकलं, झाकण लावलं.

आडमुठा

पुढचं खिडकीशी धरू नका म्हणजे झालं.