शून्य होतं ते वजन, गुरुत्वाकर्षण नव्हे

‘अवकाशस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून माणसं तरंगतात, शाळेच्या पातळीवर एवढं पुरे, खरं कारण मुलांना जड जातं’ असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आणि स्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किमीवर. तिथे गुरुत्वीय त्वरण सुमारे ८.७ मी/से² असतं, म्हणजे इथल्या ९.८ च्या जवळपास ८९ टक्के. ते खरंच नसतं तर स्थानक सरळ रेषेत कधीच निघून गेलं असतं. स्थानक आणि आतली माणसं एकाच वेगाने पडत असतात, म्हणून कुणीच कशाला टेकत नाही आणि वजन जाणवत नाही. आडवा वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर असल्याने जमीन गाठली जात नाही, इतकंच.

हे मुलांना जड जातं म्हणता, तर एक बाटली घ्या. प्लास्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्याने भोक पाडा, पाणी भरा, झाकण लावू नका. हातात धरलीत की धार लागते. आता खुर्चीवर उभं राहून ती सोडून द्या. पडताना धार बंद! बाटली आणि पाणी एकाच वेगाने पडतात, स्थानक आणि माणसांसारखेच. (खाली बादली ठेवा, मी पहिल्यांदा ठेवली नव्हती.) मग विचारा, वर फेकली तर? मी विचारलं तेव्हा बहुतेकांनी ‘धार वाढेल’ म्हणून हात वर केले होते. हात सुटल्यावर बाटली वर जातानाही धार थांबलेलीच असते. त्यावर जी वादावादी झाली, त्यात अख्खा तास गेला.